लिस्बनमधला एक शनिवार

(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी दोन पानं लिहूनही आणली होती. सकाळी बोईसरला उतरले, रिक्षात ती पानं पुन्हा वाचली आणि मलाच जांभई आली. तेव्हा वाटचाल राहू दे. मी तुम्हाला एका दिवसाची गोष्ट सांगते. ऐकून बाईंना मला बाकावर उभं करावंसं वाटलं, तर मी उभी राहीन.

गेल्या ऑक्टोबरमध्ये क्लायंटच्या कामासाठी मी दहा दिवस पोर्तुगालमध्ये, लिस्बनला होते. मधला शनिवार मोकळा होता. बरोबरचे सहकारी सिंत्राचे राजवाडे बघायला गेले. मी गेले नाही, कारण मला एका माणसाला भेटायचं होतं. माझी मुलगी ज्याला ‘डेट’ म्हणते, तेच. माझा घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना नव्हतं त्यांना आता कळलं. फोनवर ते ॲप मुलीनेच घालून दिलं, वर “आई, पासपोर्टचा फोटो लावू नकोस” असंही बजावलं.

आमच्या कामात नवीन काही चालू करण्याआधी माघारी यायची वाट आधी तयार ठेवतात. इथेही मी तेच केलं. जागा मी ठरवली, ती भर चौकातली. वेळ दुपारची. हॉटेलचं नाव सांगितलं नाही, आणि मी कुठे आहे ते मुलीला तिच्या फोनवर दिवसभर दिसत होतं. ती पुण्यात बसून माझ्यावर लक्ष ठेवून होती. आपल्या वेळी हे उलटं असायचं.

भेट एक वाजता होती, म्हणजे सकाळ माझी. पंधरा नंबरची ट्राम धरून बेलेंला गेले. तिथे तेजो नदी इतकी रुंद आहे की ती खाडीच वाटते. काठावर सोळाव्या शतकातला बुरूज आहे आणि जवळच जेरोनिमोस मठ. मठाच्या चर्चमध्ये वास्को-द-गामाची कबर आहे. तो १५२४ मध्ये आपल्या कोचीत वारला, अस्थी नंतर मायदेशी आणल्या. आपण त्याला पाच गुणांसाठी पाठ केलं होतं. तिथे उभी राहून मला तारापूरचा किल्ला आठवला. इतक्या लांबून निघालेली ही माणसं केळवे, शिरगाव, तारापूर असे आपल्या किनाऱ्यावर किल्ले बांधत आली. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर घेतला, त्या लढाईत बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात वसई पडली. हे मला शाळेपेक्षा जास्त आजोबांनी सांगितलं होतं. सर, रागावू नका.

बाहेर येऊन दालचिनीची पूड भुरभुरवलेले तिथले प्रसिद्ध गोड टार्ट खाल्ले. दोन खाल्ले. मग पोटात जो गोळा आला तो त्यांच्यामुळे नव्हे. शेहेचाळीसाव्या वर्षी अनोळखी पुरुषाला भेटायला जाताना हात गार पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

भेटायचं होतं कार्मोच्या चौकात. तिथलं जुनं चर्च १७५५च्या भूकंपात पडलं आणि त्याचं छप्पर पुन्हा कधी घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत, वर मोकळं आभाळ. आपली सहल वसईच्या किल्ल्यात गेली होती ती आठवते ना? अगदी तसंच दिसतं ते. तो म्हणाला, “तुला हे आवडलेलं दिसतंय.” मी म्हटलं, “असं आमच्याकडेही आहे, तुमच्याच लोकांनी बांधलेलं.” तिथून आमचं जमलं.

तो शाळेत भूगोल शिकवतो. (भूगोलाचे सर, तुम्हीच सगळ्यात मोठ्याने हसताय.) मी कुठली, असं त्याने विचारलं आणि मी आपण सगळे देतो तेच उत्तर दिलं, मुंबईजवळची. मास्तरच तो, फोनवर नकाशा उघडून म्हणाला, “जवळ म्हणजे कुठे?” चर्चगेटपासून शंभर किलोमीटरवर बोट ठेवलं तेव्हा मला माझीच गंमत वाटली. इतकी वर्षं मी बोईसरचं नाव का गिळत होते? मग त्याला अणुवीज केंद्र दाखवलं, एमआयडीसी दाखवली, तारापूरचा किल्ला दाखवला.

जेवायला खारवून सुकवलेला कॉड मासा होता. त्याला त्याचं कोण कौतुक! मी सातपाटीचं सांगितलं, तिथली पापलेटं आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. मग आमचा शब्दांचा खेळ सुरू झाला. बटाटा, अननस, पाव, चावी, पिंप, घमेलं. हे शब्द आपल्याकडे त्यांच्याकडून आले, पण ते त्याला माहीत नव्हतं. ‘घमेलं’ ऐकून तो खुर्चीतून पडायचा राहिला. बिल आलं तेव्हा मी ‘पगार’ सांगितला. त्यांच्यात त्याचा अर्थ पैसे देणं असा आहे. म्हटलं, आमच्याकडे पगार मिळतो, तुमच्याकडे द्यावा लागतो. निम्मे-निम्मे दिले.

नंतर चालत नदीवरच्या मोठ्या चौकात आलो. तिथे दोन खांबांच्या मधून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आमच्या दोन पायऱ्या खाली एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती, पंधरा-सोळा वर्षांची. शेकडो माणसं येत-जात होती. त्या दोघांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

मी मात्र बघत राहिले आणि बोलायची थांबले. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

दहावीची परीक्षा संपली होती. मी चिंचणीला मावशीकडे गेले होते. समुद्रावर सुरूच्या बनात मला आपल्या वर्गातली एक मुलगी दिसली, आपल्याच वर्गातल्या एका मुलाबरोबर. एका ओंडक्यावर बसून दोघं बोलत होती. एवढंच. संध्याकाळी एसटीने घरी आले आणि आईला सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं. आपण किती सरळ आहोत हे दाखवायला सांगितलं, आणि तो मुलगा मलाही थोडा आवडत होता म्हणून. आईने तिच्या आईला सांगितलं. आठवडाभरात तिला वापीला मामाकडे पाठवलं. गणितात तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले होते. इंजिनियर मी झाले. तिचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं.

पाच वाजता आम्ही निरोप घेतला. पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. फारसं काही नाही. चार-सहा मेसेज झाले. त्याने वर्गातल्या नकाशाचा फोटो पाठवला, त्यात तारापूरवर लाल टाचणी लावली होती. माणूस चांगला होता, दिवस चांगला गेला.

हॉटेलवर आले तेव्हा तिथे सहा वाजले होते, आपल्याकडे साडेदहा. या संमेलनाच्या ग्रुपवरून तिचा नंबर घेतला आणि फोन लावला. सगळं एका दमात बोलले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, “तू सांगितलंस हे मला त्याच रात्री कळलं होतं. तुझ्या आईने तुझं नाव घेतलं होतं. मला सायन्सला जायचं होतं, बाबांनी आर्ट्सला घातलं.” मी विचारलं, तू मला कधी बोलली का नाहीस? म्हणाली, “फोन तू करायचा होतास.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही तसं विचारलं नाही. ती वापीत दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, हे तिने सांगितलं. मग म्हणाली, “आणि तू आत्ता कुठून बोलतेयस?” मी दिवसभराचं सांगितलं. ती इतकी हसली की मुलगा बघायला आला. मी म्हटलं, “तुम्ही तेव्हा नुसतं बोलतच होतात ना गं?” तर म्हणाली, “मग काय भूमिती सोडवत होतो? आवडायचा मला तो.”

आज ती इथे चौथ्या रांगेत बसली आहे. हे सगळं तिला आधी वाचून दाखवलं, तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. त्याचं नाव मात्र घ्यायचं नाही, असं तिने बजावलं आहे. तोही आलाय.