सवलत दुकानाच्या गल्ल्यावर द्या
(रायपूर येथील भाषण)



उन्हाळ्यात आपल्या रायपूरचा पारा ४४-४५ वर जातो. गाडीखाली दिवसभर राबलेला माणूस किंवा डाकेची पिशवी वाहिलेला पोस्टमन रात्री झोपलाच नाही, तर सकाळी ड्यूटी कशी करणार? म्हणून पंखा-कूलरच्या खर्चाकडे आम्ही चैन म्हणून पाहत नाही.

अमेरिकेत घर थंड-गरम करणारी आणि पाणी तापवणारी यंत्रे बनवणाऱ्या रीमसारख्या कंपन्या आहेत. कमी वीज खाणारा हीट पंप घेतला, तर खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला कमाल २,००० डॉलर, आयकरातून वजा होत. २०२५ च्या कायद्याने ही सवलत त्याच वर्षअखेर बंद केली. पण ती चालू होती तेव्हाही ज्याला आयकर लागत नव्हता, त्याच्या हाती भोपळाच!

आपल्याकडे असेच काही मागा, असे काही साथी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत आयकर नाही. मग ट्रॅकमनला वजावट कशातून मिळणार? छपरावरच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण क्वार्टरचे छप्पर आपले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एअर कंडिशनरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. एक ताऱ्याला तेवढाच, पाच ताऱ्यांनाही तेवढाच. मग जास्त पैसे मोजून पाच तारे कोण घेईल?

आता हिशेब पाहा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० वॅटचा. तीन पंखे रोज १६ तास चालले, तर महिन्याला ६५ युनिटांच्या आसपास वाचतात. छत्तीसगडची हाफ बिजली बिल योजना २०१९ पासून ४०० युनिटांपर्यंत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०० वर आणली, ओरड झाल्यावर डिसेंबरात २०० केली. या मर्यादेच्या काठावर असलेल्या घराला ६५ युनिट म्हणजे काय, ते घरातल्या बाईला विचारा.

२०१५ च्या उजाला योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात मिळाले, कित्येक ठिकाणी वीजबिलातून हप्त्यानेही. आयकराचा फॉर्म कोणी मागितला नाही. आमची मागणी तीच आहे: जीएसटी ताऱ्यांप्रमाणे कमी-जास्त करा, पंखे हप्त्याने द्या, आणि रेल्वे व डाक खात्याच्या क्वार्टरांतले जुने पंखे प्रशासनाने स्वतःच्या खर्चाने बदलावेत.