सगळ्यात मागच्याची चाल

(शताब्दी वर्षाच्या व्याख्यानमालेत मणिबेली येथे झालेले भाषण)

दिंडीप्रमुख महाराज, विणेकरी बाबा, नर्मदाकाठच्या माझ्या दादांनो आणि ताईंनो, शाळा, अंगणवाडी आणि दवाखाना सांभाळणाऱ्या मंडळींनो,

इथल्या काही शिक्षकांनी आणि आरोग्यसेवकांनी मला भाषणाआधीच गाठलं. म्हणाले, "आम्ही दहा-बारा सहकारी मिळून एकवीस दिवस चालायचं ठरवतोय. मोबाइलवर पावलं मोजायची, रोज दहा हजार. ज्याची जास्त भरतील त्याला बक्षीस. तुमच्या दिंडीला शंभर वर्षं झाली, तर चार गोष्टी सांगा." बेत चांगला आहे. आणि हा प्रश्न आपल्या दिंडीपुढेही आहे. हल्ली एखाद्या टप्प्यापुरते नोकरदारांचे गट येतात. मनगटावर यंत्र असतं, झपाझप पुढे निघून जातात. माणसं उत्साही असतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण त्याच वेळी आपली सत्तर वर्षांची आजी मागे एकटी चालत असते. पुढच्या शंभर वर्षांत दिंडी कुणाच्या चालीने चालणार, हे आपल्याला ठरवावं लागेल.

आधी त्या दहा हजारांचं सांगतो. हा आकडा कुठल्या वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठीचं नाव पुढे जगाचा नियम होऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटं जरा दम लागेल इतपत हालचाल करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. हे कुणालाही जमण्यासारखं आहे. इथली बाई डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते तेव्हा तिचं कुणी मोजत नाही, पण ती आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता वारीकडे बघा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. पुण्याहून सासवडचा टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवेघाटाची चढण. एवढी लाखो माणसं बक्षिसाशिवाय कशी पोचतात? भक्तीने पोचतात, खरंच. पण भक्तीला व्यवस्थेची जोड आहे. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मागे विणेकरी, त्यामागे तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या माऊल्या. विणेकरी पुढे पळत नाही. भजनाचा ठेका असतो तशी पावलं पडतात, आणि ठेका असा असतो की म्हाताऱ्याच्याही तोंडून अभंग निघाला पाहिजे. धाप लागली की गाता येत नाही. आपलं चालण्याचं मोजमाप हेच. चालता चालता बोलता येतंय ना? मग चाल बरोबर आहे.

दुसरी व्यवस्था संध्याकाळची. तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा जनसागर क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, म्हणणं ऐकून घेतो, वाट काढतो, मगच पुढचं. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. रोजची कुरबूर रोज मिटते, उद्याच्या वाटेवर ओझं म्हणून येत नाही. गट मोडतात ते पाय दुखल्याने कमी आणि मनात राहिलेल्या गोष्टींनी जास्त.

तिसरी गोष्ट तुमच्याच खोऱ्यातली. 25 डिसेंबर 1990 ला बडवानीजवळच्या राजघाटावरून संघर्ष यात्रा निघाली. बाबा आमटे, मेधाताई पाटकर आणि खोऱ्यातली हजारो माणसं सरदार सरोवराकडे पायी निघाली होती. बायका होत्या, पोरं होती, म्हातारे होते. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला पोलिसांनी अडवलं. आपला हात कुणावर उठणार नाही हे दाखवायला माणसं हात बांधून पुढे गेली. 7 जानेवारीपासून उपोषण सुरू झालं, ते बावीस दिवस चाललं. धरणाच्या वादाचा निवाडा करायला मी इथे उभा नाही. एक चालणारा म्हणून एवढंच विचारतो, की वाट बंद झाल्यावर ऐन थंडीत उघड्या माळावर एवढी माणसं पांगली का नाहीत? कारण चूल सामायिक होती, आजाऱ्याकडे बघणारं कुणी होतं, आणि निर्णय बसून, बोलून होत होते. आपल्या दिंडीची भिशी ती हीच.

मुक्कामाला पोचणं त्यांच्या हाती राहिलं नाही. पुढे धरण झालं. महाराष्ट्रातल्या 33 गावांत पहिला घाव या मणिबेलीला बसला. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, नवं गोऱ्याला उभं राहिलं. काही घरं गुजरातेत परवेट्याला गेली, काही इथे डोंगरावर सरकली. नदी उजव्या हाताला ठेवून चालणाऱ्या परिक्रमावासींचीही काठाची वाट बुडाली, ती आता वरून डोंगरातून जाते. पण 1994 मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असं जाहीरनाम्यातून मागितलं गेलं, 44 देशांतल्या 326 संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या जाहीरनाम्याला नाव दिलं ते मणिबेलीचं.

तर मंडळी, तुमच्या एकवीस दिवसांसाठी माझं सांगणं असं.

एकट्याची पावलं मोजू नका. आज सगळे आले का, एवढंच वहीत लिहा. सगळे आले तो दिवस भरला. बक्षीस द्यायचंच तर सगळ्यांना मिळून द्या, गूळ-शेंगदाण्याचं का असेना.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलोमीटरच चाला, मग हळूहळू वाढवा. साखरेचा, दम्याचा, हृदयाचा त्रास असेल त्यानं आधी डॉक्टरांना विचारावं. उन्हाच्या दिवसांत उजाडायच्या आत निघा, तहान लागायच्या आधी पाणी प्या.

एक जण रोज पाळीने सगळ्यात मागे चालेल. त्याच्यामागे कुणी राहता कामा नये. आणि जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. तरण्यांना घाई असेल तर त्यांनी मागच्याची पिशवी घ्यावी, चाल आपोआप सारखी होते.

परतल्यावर दहा मिनिटं बसा. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्या.

आणि वाट निवडताना डांबरी सडक कशाला शोधता? या पाड्यावरून त्या पाड्यावर जा. पांगलेल्या गावात कुणी चालत घरापर्यंत येतं, याचं मोल मोठं आहे. शाळेत न येणारं पोर भेटेल, औषध संपलेली म्हातारी भेटेल. तुमचं चालणंही होईल आणि कामही.

आपल्या दिंडीलाही माझी हीच विनंती. नवे नोकरदार येऊ देत, यंत्रं घालून येऊ देत. फक्त येताक्षणी त्यांना पताकेजवळ पाठवू नका. पहिला दिवस त्यांना तुळशीवाल्या माऊल्यांच्या मागे चालायला लावा. तिथे चाललेला माणूस दिंडीचा होतो, आणि बहुधा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

रामकृष्ण हरी!