धूर, धूळ आणि आपला श्वास

(आमच्या केंद्रात आरोग्य कार्यकर्त्या, बचत गटातील भगिनी व मंडळीतील तरुण यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी प्रवचन देणार नाही. मी डॉक्टरही नाही. पाड्यापाड्यांवर फिरताना जे पाहतो आणि डॉक्टर मंडळींकडून जे शिकलो, तेवढेच सांगणार आहे. विषय आहे छातीचा जुना आजार. आपल्याकडे त्याला कोणी दमा म्हणतात, कोणी धाप म्हणतात, आणि पुष्कळ जण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. चाळिशीतल्या बाईला पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना तीन वेळा थांबावे लागते, आणि घरचे म्हणतात, वय झालं. हे वय नव्हे, हा आजार आहे.

डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात. आपल्या छातीत श्वासाच्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांना हवेचे बारीक फुगे असतात. तिथेच हवा रक्ताला मिळते. वर्षानुवर्षे धूर आत गेला की नळ्या आतून सुजतात, त्यांत बेडका साठतो, फुगे फाटून सैल पडतात. मग आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, आणि नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. जे फुगे फाटले ते पुन्हा शिवता येत नाहीत. म्हणून या आजारात बरे करण्यापेक्षा थांबवण्याला जास्त मोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे याने गेली.

कारणे कोणती? पहिले कारण आपल्या घरातच आहे, ते म्हणजे चूल. विडी-सिगारेटला हातही न लावलेल्या बायांना हा आजार होतो, तो चुलीमुळे. ओले सरपण, तुराट्या, गोवऱ्या, बंद खोली, आणि तोंड जाळाजवळ नेऊन फुंकणी मारणे. पाठीला बांधलेले लेकरूही तोच धूर घेते. घरातल्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो.

दुसरे कारण विडी. विडी बारीक असते म्हणून ती हलकी, असे समजू नका. तिसरे कारण कामाची धूळ. दगडखाण, क्रशर, गारगोटी दळण्याचे कारखाने. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ, धार या भागांतले आपले आदिवासी भाऊबंद गुजरातेत गारगोटी दळायच्या कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परत आले. त्यांतले कितीतरी ऐन तारुण्यात गेले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. पैसे मिळाले तरी माणूस परत येत नाही. सिलिकोसिसवर औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पदर ती बारीक धूळ अडवत नाही. चौथे कारण जुना क्षयरोग. टीबी बरा होतो, पण छातीत कधी कधी व्रण ठेवून जातो आणि पुढे धाप सुरू होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे खोकला म्हटला की दोनच रस्ते असतात. एक बडव्याकडे, दुसरा ‘टीबी असेल’ म्हणून औषधाच्या दुकानात. माझ्या माहितीतल्या एका मावशींनी खासगीत दोनदा टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. बेडका एकदाही तपासला नव्हता. धाप तशीच राहिली आणि एक बकरी विकली गेली. शेवटी ग्रामीण रुग्णालयात बेडका तपासला तेव्हा त्यात टीबी निघाला नाही. पुढे फुंकून करायच्या तपासणीत सीओपीडी निघाला. याच्या उलटही घडते. ‘धुराचा खोकला आहे’ म्हणत घरात बसलेला माणूस टीबीचा निघतो, आणि तोवर घरातल्या लेकरांना लागण होते.

म्हणून नियम एकच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांतले काहीही असेल तर आधी बेडक्याची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. टीबी नाही असे निघाले तर तिथे थांबू नका. वर्षानुवर्षे वाढत जाणारी धाप, सकाळचा बेडका, छातीत शिट्टीसारखा आवाज असेल, तर डॉक्टरांना स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. यंत्राच्या नळीत जोरात फुंकायचे असते. सुई नाही, दुखणे नाही.

आजार ठरला की पुष्कळदा तोंडाने ओढायचा पंप देतात. पंपाची सवय लागते आणि तो शेवटचा उपाय असतो, ही भीती मी प्रत्येक पाड्यावर ऐकतो. तसे नाही. पंपातले औषध थोडे असते आणि थेट छातीत जाते. फक्त तो नीट घ्यायला हवा. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढता ओढता दाबायचा, मग दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. जमत नसेल तर त्याला लावायचा प्लास्टिकचा डबा मिळतो, तो मागा. धाप लागली की दिवा विझवताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडा. रोज झेपेल तेवढे चाला. पण ओठ निळे पडले, बोलताना वाक्य पुरे होईना, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा.

आणि थांबवायचे कसे? गॅस सर्वांत चांगला. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर आले. पण तो पाहुण्यांच्या चहापुरता कोपऱ्यात उभा असतो, कारण पुन्हा भरायला पैसे नाहीत. मी त्या बाईला दोष देणार नाही. उपाशी माणसाला ऊब घे, पोटभर जेव असे नुसते तोंडाने सांगून पाठवण्यात काय अर्थ, असे याकोब आपल्या पत्रात विचारतो. गॅस वापर असे नुसते सांगणेही तसेच आहे. बचत गटांनी सिलिंडरसाठी लहान कर्ज ठेवावे, असे मी आज इथे मागतो.

तोवर जे हातात आहे ते करू. सरपण पावसाआधी तोडून आडोशाला वाळवा. उघाड असेल तेव्हा चूल अंगणात मांडा. आत असेल तर चुलीवरचे कौल काढून किंवा भिंतीत झरोका ठेवून धुराला वाट द्या. डाळ भिजवून लावा, भांड्यावर झाकण ठेवा, म्हणजे जाळ कमी लागतो. लेकरू चुलीपासून दूर झोपवा. आणि पुरुषांनो, विडी घराबाहेर ओढली तरी छाती तुमचीच जळते. ती सोडा. सोडल्या दिवसापासून नुकसानाचा वेग कमी होतो, वय कितीही असो.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्य सेविका केले. त्या बायांनी गावांचे आरोग्य बदलून दाखवले. मग आपल्याला का जमणार नाही? या महिन्यात प्रत्येकीने आपल्या शेजारच्या दहा घरांत चार प्रश्न विचारायचे. खोकला किती दिवस? चढावर धाप लागते का? स्वयंपाक कशावर? कामाला कुठे गेला होता? उत्तरे आशाताईंना द्यायची, आणि ज्यांना तपासणी हवी त्यांच्यासोबत दवाखान्यात जायचे. एकटी बाई तालुक्याला जात नाही. सोबत कोणी असेल तर जाते.

मातीच्या माणसात देवाने आपला श्वास घातला, असे आपण मानतो. तो श्वास धुरात घुसमटू न देणे, ही आपली सेवा. पुढच्या मेळाव्याला येताना आपापल्या दहा घरांची यादी घेऊन या.

देव तुम्हांला आशीर्वाद देवो.