पाहुणे यावेत, विहीर राहावी



मुरूड, राजपुरी, दिवेआगरला पाहुणे येतात याचा मला आनंदच आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. नवा माड धरायला वर्षं लागतात, तोवर घरातली एक खोली पाहुण्यांना भाड्याने देणं हा मोठाच आधार. पण भावांनो, आधी विहिरीकडे बघा.

किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंपाने बेसुमार उपसलं की खालचं खारं वर चढतं. उपसा एकाच्या कुंपणात होतो, पण मचूळ पाणी शेजारणीच्याही हंड्यात येतं. त्या पाण्याच्या चहाची चव एकदा घेऊन बघा!

पाणी, चारा, विस्तव यांत सर्वांचा वाटा, ही पैगंबरांची शिकवण. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळायचं नाही. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेतली ती सर्वांना खुली करण्यासाठी. मसलहत, म्हणजे सर्वांचं हित, ते हेच. हे तुम्ही जुम्म्याच्या बयानात ऐकलेलं आहे. मग बोअर मारताना ते कुठे जातं?

आपल्या दावतीत एका थाळ्याभोवती चौघं बसतात. ज्याने त्याने आपल्या पुढ्यातलं खायचं. पाहुण्याकडे चांगला तुकडा आपणच सरकवतो. पण म्हणून अख्खा थाळा उचलून त्याच्या खोलीत नेऊन ठेवतो का? पाहुण्यांसाठी पोहण्याचे तलाव बांधणं म्हणजे तेच झालं. आणि दावतीतला थाळा आतून पुन्हा भरून येतो. विहीर भरायला मृगाचीच वाट बघावी लागते.

पाणी कसं जपावं, ते राजपुरीसमोरच्या जंजिरा किल्ल्यात बघा. चहूकडे खारा समुद्र, आत गोड्या पाण्याचे बांधीव तलाव. किल्ल्याचे सत्ताधीश सिद्दी, त्यांच्या शिबंदीची तहान या तलावांवर भागली. तलावांच्या काठावर बाटल्या टाकू नका, हे राजपुरीच्या होडीवाल्यांनी पाहुण्यांना होडीतच सांगावं. त्यांचं लोक ऐकतात. होड्या सोसायटीमार्फत चालतात. खोल्यांचं, पाण्याचं तसं का होऊ नये?

पुन्हा सांगतो, आधी विहीर. दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी जमात, कोळीवाडा, ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून ठरवावं: कुठल्या विहिरीला पंप लावायचा नाही, खोलीमागे किती पाणी द्यायचं. आणि या बैठकीला बायकांना बोलवा, हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.