सध्या काय वाचताय?



सकाळपासून आपण एकमेकांची मुलं, गुडघे आणि साखर विचारून झालो. मघाशी इथे चेण्याच्या नदीकाठी चहा घेताना मी चौघांना विचारलं, सध्या काय वाचताय? तिघे हसले. चौथा म्हणाला, "लाइटबिल."

मीही वीस वर्षं तेवढंच वाचत होतो. मग आईची नजर गेली. चौथी शिकलेली बाई, पण पेपर रोज अख्खा वाचायची. तिच्यासाठी म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. लक्ष्मीबाई लिहा-वाचायला लग्नानंतर शिकल्या, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग थांबू नको, वाच पुढे." त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग ऐकताना ती खूप हसली. मधेच गप्प व्हायची. तेव्हा मी पान उलटत नसे.

आता माडगूळकरांची 'बनगरवाडी' चालू आहे. १९५५ ची कादंबरी, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर. इथल्या सगळ्या शिक्षकांनी पुन्हा वाचावी अशी. शेवटी दुष्काळ पडतो, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

बाई, ती प्रत तुमची आहे. नववीत नेली होती, आत तुमची सही आहे. थोडी पानं राहिलीत म्हणून आज आणली नाही. पुढच्या रविवारी घरी आणून देतो.

बाकीच्यांनो, दाराशी वही ठेवलीय. जेवायला जाण्याआधी एकेका पुस्तकाचं नाव लिहा. लाइटबिल चालणार नाही.