घराण्याचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो, बंधु-भगिनींनो,

आरंभीच मी आपणांस दोन साधे प्रश्न विचारतो. आपल्या आजोबांच्या वडिलांचे नाव काय? आणि आपल्या आजीच्या आईचे नाव काय? पहिल्या प्रश्नाला काहींना उत्तर देता येईल. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारा मनुष्य या सभेत सापडेलच अशी मला खात्री नाही. मी स्वतःही ते देऊ शकत नाही.

माझी आजी आमच्याच घरात होती. तिने मला वाढविले. मी शिकलो, नोकरीस लागलो, सभांतून बोलू लागलो. परंतु तिचे माहेर कोणते, तिचे लग्नापूर्वीचे नाव काय, १९५६ साली दीक्षेची वार्ता आली तेव्हा ती कोठे होती, हे मी तिला कधी विचारले नाही. ती गेली आणि ते सर्व तिच्याबरोबर गेले. पुढे जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहावयास बसलो तेव्हा पुरुषांची चार नावे एकाखाली एक लिहिली. आजीसाठी त्या कागदावर जागाच नव्हती. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे. तो आपल्या हातून होऊ नये म्हणून मी आज बोलत आहे.

आक्षेपाचा विचार

आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका येईल. आपण जात टाकली, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली. मग पूर्वजांच्या नावांची उस्तवार कशासाठी? जन्मावरून कोणी मोठा नाही असे आपणच म्हणतो ना?

ही शंका योग्य आहे व तिचा विचार केला पाहिजे. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाजाने भगवान बुद्धांना ‘वसल’ म्हणून हिणविले, तेव्हा मनुष्य जन्माने नव्हे तर कर्माने वसल किंवा ब्राह्मण होतो, असे भगवंतांनी त्याला समजावून दिले. कुळाच्या अभिमानाला धम्मात स्थान नाही. परंतु त्याच धम्माच्या वाङ्मयात थेरगाथा आणि थेरीगाथा आहेत. झाडलोट करून पोट भरणारा सुनीत आणि पाणी भरणारी दासी पुण्णिका यांनी आपण कोण होतो, कसे जगत होतो, हे तेथे स्वतःच सांगितले आहे. संघाने ते झाकून ठेवले नाही. शतकानुशतके जपून ठेवले. आपण कोठून निघालो हे सांगणे म्हणजे कुळाचा अभिमान नव्हे. श्राद्धात मृताला नैवेद्य दाखवितात. इतिहासात त्याचे श्रम, त्याचे दुःख आणि त्याचे धैर्य यांची साक्ष ठेवितात. या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण पाहा. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटावयास निघालेली मुले मसूरच्या स्टेशनावर कशी अडकली, जात कळताच स्टेशनमास्तरांची वागणूक कशी बदलली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ती एका कुटुंबाच्या प्रवासाची हकीकत आहे. परंतु तिच्यातून त्या काळचे अवघे जग दिसते. अशी एक तरी हकीकत आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. ती लिहिली मात्र गेलेली नाही.

आपली नावे का राहिली नाहीत?

वरच्या वर्गांच्या घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांनी यजमानांच्या नामावळ्या राखल्या. उल्हासनगरचे आपले सिंधी शेजारी १९४७ नंतर घरदार सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांचे कागद सिंधमध्ये राहिले; तरी ज्यांचे वाडवडील हरिद्वारला गेले होते, त्यांना तेथील पंड्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावे मिळण्याची आशा असते. आपल्या वाडवडिलांना देवळाची पायरीच बंद होती. त्यांची वही कोण राखणार?

ही स्थिती केवळ आपलीच नाही. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे वय आणि लिंग लिहीत, पण बहुतेक ठिकाणी नाव लिहीत नसत. गुलामगिरी नष्ट झाल्यावर १८७० च्या शिरगणतीत सर्व काळ्या माणसांची नावे प्रथम लिहिली गेली. त्यामुळे आज आपले कूळ शोधणाऱ्या काळ्या कुटुंबांना त्या सालापलीकडे जाताना भिंत लागल्यासारखे होते. म्हणून १९७७ साली त्यांनी घराण्यांच्या इतिहासाची स्वतःची संस्था काढली. जे काम दुसरे करणार नाहीत ते आपण एकत्र बसून करावे, हा त्यांचा धडा आपण घेण्याजोगा आहे.

आपल्याकडे १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. परंतु शिरगणतीच्या तक्त्यात नावे नसतात. त्या २७ लाखांत आपले कोण होते, त्यांनी दीक्षा नागपूरला घेतली, की ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईस बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी, की पुढे आपल्या गावी, हे घरच्या माणसांखेरीज कोण सांगणार? १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. वेळ फार थोडा उरला आहे.

कागद कोठे आहेत?

प्रथम घरातली ट्रंक उघडा. जुनी शिधापत्रिका, लग्नपत्रिका, पगाराची चिठ्ठी, फोटोच्या मागे लिहिलेली ओळ, काहीही टाकू नका. आपल्यापैकी कित्येकांचे वडील अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत, काडेपेटीच्या कारखान्यात, शहाडच्या रेयॉन कारखान्यात किंवा रेल्वेत होते. त्यांच्या सेवापुस्तिकेत जन्मतारीख, मूळ गाव आणि वारसाचे नाव सापडते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, हे बदलापूरकरांना सांगावयास नको. म्हणून कागदांचे फोटो काढून ते दोन निराळ्या घरी ठेवा.

दुसरे ठिकाण शाळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या आजोबांचीही अशी एक ओळ गावच्या शाळेत असू शकेल. मात्र तेथील जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही तारीख लिहिली असे कितीतरी घरांत आढळते.

तिसरे ठिकाण महसुली दप्तर. सातबारा, फेरफार, तसेच जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, हे तहसील कचेरीत अर्ज करून पाहता येतात. जुन्या मुंबई इलाख्यातील दप्तरात महार वतनाच्या जमिनी इनाम वर्ग ६ ब खाली सापडतात. जे वतन आपल्या गळ्यातील फास होते, ज्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते १९५८ च्या कायद्याने १ ऑगस्ट १९५९ पासून नाहीसे झाले. परंतु त्याच वतनाच्या कागदांत खापरपणजोबांचे नाव राहिले आहे. जुन्या कागदांत ‘नाक’ या शब्दाने संपणारी नावे दिसली तर थांबून वाचा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरही १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची तशी नावे आहेत.

चौथे ठिकाण सैन्य. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. घरात कोणी सैनिक असेल तर त्याचे पेन्शनबुक आणि सेवामुक्तीचा दाखला जपा.

हे काम केवळ हौसेचे नाही. अनुसूचित जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणि वंशावळ मागतात. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या. त्यासाठीही आजोबांच्या दाखल्यावरील जुनी नोंद लागते. ज्या शब्दाने आपला अपमान केला, तोच शब्द नातवंडांच्या शिक्षणाचा आधार होतो. लाज वाटून तो कागद फाडू नका. तसेच गावाकडच्या जमिनीवर वारसनोंद न झाल्यामुळे शहरात आलेल्यांचे नाव गळते, हे आपण पाहतोच.

स्त्रियांची नावे

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या घराण्याची वंशावळ पुरुषांचीच असेल, तर ती अर्धी आहे. लग्नानंतर आपल्या बायांचे आडनावच नव्हे, पुष्कळदा पहिले नावही बदलले. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई माहेरच्या मुरबाडकर. मुरबाड हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. ते आडनाव लोकांनी लक्षात ठेवले म्हणून आज आपणांस ठाऊक आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांच्या घरोघर जाऊन मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या गेल्या नसत्या तर कितीतरी नावे कायमची बुडाली असती.

येथेही हक्काचा प्रश्न आहे. वारसा हक्काचा १९५६ चा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. वंशावळीतून मुलीचे नाव गाळणारा भाऊ केवळ विसरभोळा नसतो. म्हणून आपल्या वहीत प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि आईचे नाव लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव आवश्यक झाले आहे. मागच्या पिढ्यांच्या आयांची नावे आपणच भरून काढली पाहिजेत.

तीन गावांचे काम

हे एकट्याने होत नाही. आपण मूळचे कोकणातले, देशावरचे, खानदेशातले, मराठवाड्यातले, विदर्भातले. आगगाडीच्या एकाच मार्गावर येऊन राहिलो. एकाला तहसील कचेरीचा अर्ज लिहिता येतो, दुसऱ्याला मोडी वाचता येते, तिसऱ्याला आजीबाईंशी बोलण्याची हातोटी आहे. म्हणून माझी सूचना अशी की, दर पौर्णिमेस वंदनेनंतर एक तास पाच-सात घरांनी एकत्र बसावे. प्रत्येक घराने एक वही घालावी. वृद्धांना तारखा विचारू नयेत. त्या त्यांना आठवत नाहीत. काळारामच्या सत्याग्रहाच्या वेळी तुमचे वडील केवढे होते, १९७२ च्या दुष्काळात तुम्ही कोठे होतात, कोयनेच्या भूकंपापूर्वी लग्न झाले की नंतर, असे विचारावे. सांगितले ते त्यांच्याच बोलीत लिहावे, सांगणाराचे नाव आणि दिवस घालावा. दोघांनी दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात.

दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. पहिले, खोटा मोठेपणा लिहू नये. पूर्वज सरदार नसले तर नसोत. मेलेले ढोर ओढून ज्याने मुलाला शाळेत घातले, त्याला उसन्या तलवारीची गरज नाही. दुसरे, कोणी सांगितलेले दुःख त्याच्या संमतीवाचून बाहेर सांगू नये. काही कुटुंबांनी आडनाव बदलून नोकरी टिकविली आहे. त्यांची भीती निराधार नव्हती, आजही नाही.

ज्यांना लिहिणे येत नाही असे वाटते त्यांनी नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ वाचावे. मुलाच्या आग्रहावरून त्यांच्या अल्पशिक्षित वडिलांनी आपल्या आठवणी लिहिल्या, आणि १९९३ साली त्यातून सबंध घराचे पुस्तक झाले. आधी बापाने वही भरली, पुस्तक मागून आले.

बंधु-भगिनींनो, आज घरी गेल्यावर जेवणापूर्वी एक काम करा. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसा आणि तिला म्हणा, “आजी, तुमच्या आईचे नाव काय?” ती सांगेल ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या पौर्णिमेस ती वही घेऊन या. मीही माझी आणीन. आजीच्या माहेरचा शोध मी उशिरा का होईना आरंभिला आहे; तिच्या नावापुढची जागा अद्याप कोरी आहे, पण आता त्या कागदावर ती जागा आहे.

जय भीम.