गोळी कुणाला आणि कशासाठी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाल्यापासून मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "अरे, ही गोळी घेऊ का?" सोबत डबीचा फोटो. कधी मल्टिव्हिटॅमिन, कधी माशाच्या तेलाची कॅप्सूल, कधी परदेशातल्या लेकाने पाठवलेला पावडरचा भला मोठा डबा. प्रश्न पुलापलीकडच्या रोह्यातून येवो की आखातातून, असतो तोच. जन्मभर औषधाच्या दुकानात उभा राहिलो म्हणून संयोजकांनी आज मला बोलायला लावलं आहे. सर, बाई, पूर्वी तुम्ही बोलायचात आणि आम्ही मागच्या बाकावर डुलक्या काढायचो. आज तुम्हाला ती मुभा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर त्याची गोळी फार मोठं काम करते. कमतरता नसेल तर ती बहुतेक वेळा काहीच करत नाही, आणि कधीकधी नुकसान करते. म्हणून "ही गोळी चांगली आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. "मला कशाची कमतरता आहे?" हे आधी विचारायला हवं. आणि आपल्या वयाच्या माणसांनी हा प्रश्न सर्वांत आधी बी-१२ बद्दल विचारावा.

दुकानात येणाऱ्या एका बाईंचं सांगतो. शुद्ध शाकाहारी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू. आम्लपित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, तीही कित्येक वर्षं. तळपायाला मुंग्या येत, अंधारात तोल जाई, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. घरचे म्हणत, साखरेमुळे होतंय. साखरेमुळे असं होतं हे खरंच आहे, आणि म्हणूनच दुसरं कारण कुणी शोधलं नाही. शेवटी डॉक्टरांनी बी-१२ तपासलं, ते फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, मुंग्या कमी होत गेल्या, पण उजव्या पायाचा बधिरपणा राहिला तो राहिलाच. मज्जातंतूंचं नुकसान लवकर सापडलं तर भरून येतं. उशीर झाला तर सगळं परत मिळत नाही.

आता हे का होतं ते पाहू. बी-१२ भातात नाही, डाळीत नाही, कुठल्याही भाजीत नाही. ते मासळी, मटण, अंडी आणि थोडंफार दूध-दह्यात असतं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात आम्ल लागतं. वय वाढलं की आम्ल कमी होतं, आणि पित्ताची कॅप्सूल ते आणखी कमी करते. त्यावर मेटफॉर्मिन आतड्यातलं शोषण घटवतं. म्हणजे आपल्यातल्या माळकरी किंवा जैन मित्राला मधुमेह आणि पित्त दोन्ही असेल, तर बी-१२ च्या तीनही वाटा अडल्या. यावर गोळी मात्र छान लागू पडते, कारण तिच्यातलं बी-१२ मोकळंच असतं, त्याला आम्लाची गरज नसते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, मग गोळी ५०० किंवा १,५०० ची कशाला, असं एकाने मला विचारलं होतं. नेहमीची वाट बंद असली तरी मोठ्या मात्रेतला शंभरातला साधारण एक भाग आतड्यातून आपोआप झिरपतो. तेवढा पुरतो.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राने जगाला दाखवून दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००८ साली त्यांनी मांडलं की त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. फॉलिक ॲसिडची कमतरता मात्र जवळपास कुणालाच नव्हती. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत अधिक आढळलं, म्हणजे मधुमेहाकडे जाणारी वाट. यातून फॉलिक ॲसिड वाईट असा अर्थ कृपया काढू नका. गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्याने बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ सालीच ब्रिटिश संशोधनाने सिद्ध केलं आहे. घरात नवी सूनबाई असेल तर तिला हे जरूर सांगा. पण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतू आतून झिजत राहतात. दोन्हींकडे एकत्र पाहावं लागतं.

लोहाचं आणखी वेगळं. नातींच्या शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, तिला नाक मुरडू देऊ नका. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि वयात येणाऱ्या मुलींना त्याची गरज असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, ती लोहाला अडवते. पण साठीच्या पुढच्या आपल्यातल्या कुणाचं हिमोग्लोबिन उतरलं, तर दुकानातून लोहाची गोळी आणून गप्प बसू नका. या वयात लोह कमी होतं तेव्हा पोटात किंवा आतड्यात कुठेतरी रक्त झिरपत असू शकतं. कधी साधा अल्सर असतो, कधी कॅन्सर. गोळीने आकडा वर येतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. मित्रांनो, एवढं एक तरी घरी घेऊन जा.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडेच. ती रोज घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर बेततं.

आणि ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांनी घ्यायच्या गोळ्या? अमेरिकेत जवळजवळ २६,००० लोकांवर ड जीवनसत्त्व आणि माशाच्या तेलाची चाचणी झाली. २०१८ साली निकाल आला: कॅन्सर किंवा हृदयविकार टाळण्यात दोन्हींचा ठळक उपयोग दिसला नाही. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९,००० पुरुषांवरच्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजरातलंच ते. गाजर खाणं आणि त्यातलं एक द्रव्य मूठभर गिळणं यात असा फरक पडतो. हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल आणि अश्वगंधा यांनी यकृताला त्रास झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. आमटीतल्या हळदीला कुणी घाबरू नये.

माशाच्या तेलाच्या डबीचे पैसे वाचवून बांगडा, तारली घ्या असं मी मासे खाणाऱ्यांना सांगतो. रेवदंड्याकडून येणारी मासळी आपल्या बाजारात असतेच. सुका जवळा अख्खा खाल्ला जातो, त्यामुळे त्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. रक्तदाब असेल तर तो नीट धुऊन घ्या, मीठ फार. न खाणाऱ्यांना नाचणीची भाकरी आहे, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आणि पोपटीतला वाल म्हणजे आपल्या रायगडची प्रोटीन पावडर!

शेवटचं थोडं कामाचं. डॉक्टरांकडे जाताना नुसती औषधाची चिठ्ठी नेऊ नका, सगळ्या डब्या न्या, मुलांनी पाठवलेल्याही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीपूर्वी ते सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर के जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन स्वतःहून सुरू करू नका. आणि मेटफॉर्मिन किंवा पित्ताची कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू असलेल्यांनी या महिन्यात बी-१२ तपासून घ्या.

जेवणाची घंटा झालेली दिसते. जेवणानंतर मी व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांनी गोळ्यांच्या पिशव्या आणल्या आहेत त्यांनी या, पण आधी सर आणि बाई, मग आपण.